लेक फोर्क, मार्च महिना आणि गाईडसोबत बास फिशिंग: गाईडला चार स्टार, त्या शनिवारला दीड

डॅलसच्या आसपास राहणाऱ्या आणि गळ टाकायची हौस असलेल्या मराठी मंडळींचे फेब्रुवारी संपत आला की तेच प्रश्न सुरू होतात, लेक फोर्कला (बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठी नावाजलेलं टेक्ससमधलं तळं) गाईड घ्यावा का, किती घेतात, आणि मोठा मासा खरंच लागतो का. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतोय. गाईडचं नाव लिहीत नाही, कारण माणूस चांगला आहे आणि माझी ज्याबद्दल तक्रार आहे ते त्या तळ्यावर मार्चमध्ये बरेच जण करतात, एकट्याच्या माथी कशाला मारा.

आधी पैशाचं बोलू. पूर्ण दिवस, दोन माणसं, पाचशे डॉलरच्या आसपास आणि वर टिप. रॉड, रील, आमिषं सगळं त्याचं. जेवण आपलं आपण न्यायचं (आम्ही मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी नेली होती, गाईडने तीन ठेपले खाल्ले आणि चटणीला हात लावून लगेच पाणी प्यायला). लायसन्स वेगळं. टेक्ससच्या रहिवाशाला गोड्या पाण्याचं वर्षाचं पॅकेज ३० डॉलर, एक दिवसाचं ११, आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याला एक दिवसाचं १६. माझा मेहुणा पुण्याहून आला होता, त्याचं १६ वालं काढलं, फोनवरच निघतं. एक लक्षात ठेवा, वर्षाचं साधं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, तुम्ही ते जुलैत काढलं असलं तरी, त्यामुळे उन्हाळ्यात घेणार असाल तर जरा हिशोब करून घ्या.

तळं डॅलसपासून पूर्वेला सत्तरेक मैल, क्विटमन, एमरी, अल्बा अशी छोटी गावं आजूबाजूला. धरण १९८० मधलं, पाणी साधारण २७ हजार एकर, आणि पाणी भरताना झाडं बरीचशी तशीच उभी ठेवलेली, त्यामुळे अजूनही पाण्यातून मेलेल्या झाडांचे काळे खुंट वर आलेले दिसतात. बोटी नेण्यासाठी खुणा केलेल्या लेन आहेत, त्या सोडून कुठेही जोरात गेलात तर बोटीचा पंखा गेलाच म्हणून समजा. पहिल्यांदा जाणाऱ्याने गाईड घ्यावा याचं अर्धं कारण हेच आहे.

बाकीचं अर्धं कारण म्हणजे मासा. टेक्ससचा लार्जमाउथ बासचा (बासची मोठ्या तोंडाची जात) रेकॉर्ड इथलाच आहे, १८.१८ पौंड, जानेवारी १९९२, आणि गंमत म्हणजे तो पकडणारा माणूस बाससाठी आलाच नव्हता, क्रॅपी नावाचे छोटे मासे धरायला बसला होता. त्याआधीचा १९८६ चा १७.६७ पौंडाचा रेकॉर्डही इथलाच, ती मादी, तिचं नाव एथेल, नंतर मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डला बास प्रो शॉप्सच्या मोठ्या टाकीत तिला बघायला लोक जायचे. तिच्यापासूनच टेक्ससच्या वन्यजीव खात्याचा शेअरलंकर कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत कुणाला १३ पौंडाच्या वरचा बास लागला तर तो खात्याला उसना द्यायचा, ते अथेन्स गावातल्या हॅचरीत नेऊन तिची अंडी घेतात आणि मादी परत तिच्या तळ्यात. ही माहिती आत्ता नुसती वाचून सोडू नका, पुढे लागणार आहे.

आता सर्विस. पहाटे बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर भेटलो, अजून अंधार होता. बोट मस्त, वीस-एकवीस फुटी, मागे २५० हॉर्सपॉवरचं इंजिन, पुढे ट्रोलिंग मोटर जी जीपीएसवर एका जागी बोट धरून ठेवते, आणि दोन इतके मोठे स्क्रीन की मेहुणा म्हणाला, "भावोजी, आपल्या हॉलमधल्या टीव्हीपेक्षा हे भारी आहे." गाईडचा स्वभाव शांत. मेहुण्याला बेटकास्टर रील कधी माहीत नव्हतं, पहिल्याच फेकीत दोऱ्याचं असलं गुंतवळ झालं की मला वाटलं आता हा वैतागणार, पण नाही, खाली बसून हाताने सोडवलं, दुसऱ्या रॉडवर स्पिनिंग रील लावून दिलं आणि अंगठा कुठे ठेवायचा ते तीनतीनदा दाखवलं. टेक्सस रिग कशी बांधायची, रबरी अळी हुकावर सरळ का बसली पाहिजे, मासा लागल्यावर किती वेळ थांबायचं, सगळं विचारलं तसं सांगितलं. शिकवणीला पाच पैकी पाच. बोट स्वच्छ, लाइफ जॅकेट नवीन, वेळेला पक्का.

आणि मग सूर्य जरा वर आल्यावर त्याने बोट एका उथळ खाडीत घातली, पोलराइज्ड (पाण्यावरची चकाकी कापणारे) चष्मे दिले आणि म्हणाला, आता बेड शोधू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाणी साधारण ६० फॅरनहाइटच्या वर जायला लागलं की बासचा विणीचा हंगाम सुरू होतो, फोर्कवर फेब्रुवारी अखेरपासून एप्रिलपर्यंत टप्प्याटप्प्याने. नर किनाऱ्याजवळ दोन-चार फूट पाण्यात शेपटीने गाळ झाडून परातीएवढा खळगा करतो, तेच बेड, मादी येते, अंडी घालते आणि निघून जाते. पुढचं सगळं नराच्या अंगावर. अंडी फुटायला दोन-पाच दिवस, मग पिल्लं नीट पोहायला लागून विखुरेपर्यंत अजून काही आठवडे, आणि एवढा वेळ तो तिथून हलत नाही, धड खात नाही, शेपटीने अंड्यांवर पाणी फिरवत राहतो आणि जवळ येईल त्याला हाकलतो. ब्लूगिल नावाचे छोटे मासे टपूनच बसलेले असतात. त्या खळग्यात तुम्ही रबरी सरडा टाकलात तर तो भुकेने तोंड मारत नाही, चोर आलाय म्हणून उचलून बाहेर फेकायला बघतो. यालाच बेड फिशिंग किंवा साइट फिशिंग म्हणतात, मासा डोळ्यांना दिसतोय आणि तुम्ही तो चिडेपर्यंत त्याच्या घरात काहीतरी टाकत राहायचं.

आम्हाला लव्हाळ्याच्या कडेला एक बेड दिसलं. खळग्यावर छोटा नर, आणि जरा मागे, खुंटाच्या सावलीत, एक भलीमोठी मादी. गाईडने पांढरा रबरी सरडा टाकायला सांगितला, पांढरा अशासाठी की तो कधी तोंडात गेला ते आपल्याला दिसतं. तिसऱ्या-चौथ्या फेकीला नर लागला, असेल पंधराएक इंच. मला वाटलं सोडेल. त्याने लाइव्हवेलचं (बोटीतली मासे जिवंत ठेवायची पाण्याची टाकी) झाकण उघडलं आणि आत टाकला. म्हणाला, हा इथे असेपर्यंत मादीला आमिष घेऊच देणार नाही, आधी याला बाजूला ठेवू मग तिचं बघू. नियमात बसतं बरं का हे. फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास लगेच पाण्यात सोडावा लागतो, पण १६ च्या आतला ठेवता येतो, दिवसाला पाच.

चष्मा घातलेला असल्याने पुढचं सगळं स्वच्छ दिसत होतं. नर वर आला आणि अक्षरशः दोन-तीन मिनिटांत ब्लूगिल आत घुसले. आधी एक, मग चार, मग मोजता येईनात. डोकं खाली, शेपटी वर, टिपत बसले. मेहुणा बिचारा मादीकडे बघत होता, मी खळग्याकडे.

अर्ध्या-पाऊण तासाने मादी लागली. आता खोटं कशाला बोलू, काय मासा होता! सव्वाआठ पौंड, तोंडात मूठ जाईल एवढं, पोट गाबोळीने टच्च भरलेलं. मेहुण्याचे हात थरथरत होते, माझा फोन पडता पडता वाचला. गाईडने ओल्या हातांनी धरायला लावली, खाली हात देऊन आडवी, जबड्याला लटकवून नाही, पटकन वजन, दोन फोटो आणि तिथल्या तिथे पाण्यात. हे त्याने अगदी व्यवस्थित केलं. आठ पौंडाच्या वर म्हणून शेअरलंकरच्या छोट्या वर्गात एंट्रीही करून दिली, स्टिकर वगैरे येतात घरी, मेहुण्याला पुण्याला घेऊन जायला तेवढंच. आणि मग लाइव्हवेल उघडून नर सोडला. तो सरळ खळग्याकडे गेला हे खरं. पण राखायला मागे काय उरलं होतं ते मी बघितलं होतं.

मी विचारलं त्याला, एवढा वेळ कोंडून ठेवायची काय गरज. चिडला नाही. म्हणाला, मार्चमध्ये लोक माझ्याकडे याच माशासाठी येतात, तो दाखवला नाही तर पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जातील, आणि हे बेड आपण सोडलं असतं तर दहा मिनिटांत मागची बोट तिथे आली असती. यातलं दुसरं वाक्य शंभर टक्के खरं होतं, मागे खरंच बोट उभी होती.

कारण तो शनिवार होता आणि तळ्यावर टूर्नामेंट होती. बुकिंग करताना हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि एक स्टार मी यासाठीच कापलाय. पहाटे रॅम्पवर ट्रकांची रांग मुख्य रस्त्यापर्यंत, पार्किंग भरल्यामुळे ट्रेलर गवतात घातलेले. उजाडल्यावर बघतो तर प्रत्येक उथळ खाडीत बोटी, आणि खाडी म्हणजे काही समुद्राची खाडी नाही, ओढ्याएवढा भाग असतो तो. एक बोट एका बेडवर दोन्ही नांगर-खांब रोवून उभी, दुसरी तिच्या पाठीमागे नंबर लावून. एका ठिकाणी दोघांची चांगलीच बाचाबाची झाली, तो म्हणतो हे बेड मी काल शोधून ठेवलंय, हा म्हणतो नाव लिहिलंय का. बाहेरच्या लेनमधून साठ-साठ मैलांच्या वेगाने बोटी जाणार, त्यांच्या लाटा येऊन उथळ पाणी गढूळ. २७ हजार एकर ऐकायला प्रचंड वाटतं हो, पण विणीच्या दिवसांत सगळे मासे काठाच्या चिंचोळ्या पट्ट्यात आलेले असतात आणि सगळी माणसंही तिथेच.

ही स्पर्धा दर तासाला सगळ्यात मोठा मासा आणेल त्याला रोख बक्षीस अशा प्रकारची होती. स्लॉटच्या (म्हणजे १६ ते २४ इंचांमधला सोडून द्यायच्या) नियमामुळे तागडीवर दोनच प्रकारचे मासे येऊ शकतात, १६ इंचांच्या आतले आणि २४ इंचांच्या वरचे. आता जरा विचार करा. बासमध्ये नर फारसा मोठा होत नाही, २४ इंचांच्या वर गेलेला मासा म्हणजे मादीच धरून चाला. आणि मार्चमध्ये काठाला सापडणारा १६ च्या आतला मासा म्हणजे बरेचदा खळगा राखणारा नर. मधला जो स्लॉट आहे तो अगदी विचार करून ठेवलेला चांगला नियम आहे, त्यामुळेच फोर्कमध्ये मोठे मासे टिकलेत, पण ऐन विणीत टूर्नामेंट लावली की त्याच नियमाची दोन्ही टोकं नेमकी अंडीवाल्या मादीवर आणि राखणदार नरावर येतात.

दुपारी गाईडने आम्हाला मरिनावर (बोटींच्या धक्क्यावर) नेलं, वजन बघायला. तिथली व्यवस्था वाईट नव्हती, तेही सांगायला हवं. पाणी भरलेल्या जाड पिशव्यांतून मासा आणायचा, रांगेत हवा खेळवलेल्या पाण्याच्या टाक्या, वजन झालं की लगेच परत पाण्यात, मेलेला मासा आणला तर बक्षीस नाही. मुलं टाळ्या वाजवत होती, माईकवरचा माणूस जोक मारत होता, बर्गर छान होता. पण सगळे मासे सुटत होते कुठे, तर मरिनाच्या त्या एकाच खाडीत. पकडले कुठे, तर तळ्याच्या चारी टोकांना.

घरी आल्यावर मी यावर बरंच वाचत बसलो. लबकच्या टेक्सस टेक युनिव्हर्सिटीतले जीन वाइल्ड यांनी अशा स्पर्धांत पकडून दुसरीकडे सोडलेल्या माशांवर झालेले सगळे अभ्यास २००३ मध्ये एकत्र केले होते. लार्जमाउथ बासपैकी साधारण सातातला एक मूळ जागी परत गेला आणि निम्मे तर सोडल्या जागेच्या मैलभरातच राहिले. इतर वेळी ठीक आहे, मासा जगला, नवीन जागा शोधेल. पण खळगा सोडून आलेल्या नराला आठ मैलांवर नेऊन सोडलं तर ती वीण त्याच्यापुरती संपली. मासा जिवंत सुटला म्हणून टाळ्या पडतात आणि त्याची पिल्लं कुठल्याच हिशोबात येत नाहीत. इलिनॉयच्या नॅचरल हिस्टरी सर्व्हेच्या लोकांनी कॅनडात ओंटारियोमध्ये लेक ओपिनिकनवगैरे तळ्यांवर वर्षानुवर्षं बेडवरच्या नरांचाच अभ्यास केलाय, आणि त्यातून साधारण हेच निघतं की पकडून लगेच तिथेच सोडला तर बरेच नर परत खळग्यावर बसतात, पण जितका जास्त वेळ बाहेर, जितकी जास्त दमणूक, तितके सोडून जाणारे वाढतात. शिवाय वजन करून सोडलेले काही मासे नंतरच्या दिवसांत मरतात, पाणी जितकं गरम तितके जास्त. ते त्या दिवशी कुणाला दिसत नाही.

दुसरी बाजूही आहे आणि ती फालतू नाही. दक्षिणेतले बरेच बायॉलॉजिस्ट म्हणतात की एका खळग्यातून हजारो पिल्लं निघतात, त्यातली मोजकीच मोठी होतात, आणि टेक्सससारख्या ठिकाणी वीण दोन-तीन महिने चालते, सगळे मासे एकदम बेडवर नसतात, म्हणून काही बेड गेली तरी तळ्यातल्या एकूण संख्येवर फरक दिसत नाही. पाण्याची पातळी, पाणवनस्पती, पिल्लांना लपायला जागा, याने जास्त फरक पडतो. पटतं मला हे. उत्तरेत उन्हाळाच छोटा, वीण दोन-तीन आठवड्यांत उरकते, म्हणून ओंटारियोच्या बऱ्याच भागांत जून अर्धा सरेपर्यंत बासचा सीझनच उघडत नाही. टेक्ससमध्ये बारा महिने उघडा. पण "एकूण संख्येवर फरक दिसत नाही" हे एक, आणि एका शनिवारी एका तळ्याच्या प्रत्येक खाडीतल्या प्रत्येक बेडवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी उभं, हे दुसरं. आणि सरकारच जर या तीन महिन्यांतल्या मोठ्या मादीला टाकीत घालून अथेन्सला नेतंय, तिची अंडी जपतंय, तर तिची सव्वाआठ पौंडाची बहीण काय बिनकामाची आहे का?

आता तुम्ही म्हणाल, हा कोकणातला माणूस अमेरिकेत जाऊन माशांच्या संसाराची काळजी करतोय. बरोबर आहे. आमच्या चिपळूणकडे पहिला पाऊस पडला की चढणीचे मासे ओढ्यातून, वहाळातून शेतात अंडी घालायला चढतात, आणि अख्खा गाव कंदील, बॅटऱ्या, जाळी, कोयती घेऊन रात्री बाहेर. आपल्याकडे सोडबिड काही नाही, सरळ कालवण, आणि गाबोळी निघाली तर ती पहिली कुणाला यावरून भांडण. मीही खाल्लीय, चवीने खाल्लीय, आणि आता नद्यांना पूर्वीसारखे चढणीचे मासे राहिले नाहीत म्हणून गावातली म्हातारी माणसं हळहळतात तेही ऐकलंय. त्याला कारणं दहा आहेत, नदीतला गाळ, शेतातली औषधं, बंधारे, पण ऐन चढणीलाच अख्खा गाव जाळी घेऊन उभा राहतो हेही त्यातलं एक आहेच. समुद्रावर निदान १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, आणि कोळी लोकही परंपरेने नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी काढत नाहीत. दोन महिने दर्याला सुट्टी. फोर्कला एक आठवडाही नाही.

आणि गंमत अशी की स्पर्धा बंद करायची गरजच नाही. या सगळ्या धंद्याचा मूळ पुरुष रे स्कॉट, त्याने १९६७ मध्ये अर्कान्सासच्या बीव्हर लेकवर पहिली मोठी स्पर्धा घेतली, पुढे बी.ए.एस.एस. ही बास धरणाऱ्यांची संघटना काढली आणि १९७२ पासून मासे मारू नका, जिवंत सोडा हा प्रकार आणला. त्याआधी मासे मारून दोरीला टांगून फोटो काढायचे. लाइव्हवेलमध्ये हवा खेळवायची कल्पना तेव्हा खरोखर मोठी सुधारणा होती. पण आता पन्नास वर्षं झाली त्याला. मेजर लीग फिशिंग ही स्पर्धा भरवणारी दुसरी संस्था, ते लोक आपल्या मुख्य स्पर्धांत २०११ पासून बोटीवरच पंचासमोर वजन करून मासा तिथेच सोडतात. कयाकवाल्यांच्या स्पर्धांत तर वजनच नाही, मोजपट्टीच्या फळीवर मासा ठेवायचा, फोटो अपलोड, मासा पाण्यात, एका मिनिटाचं काम. आणि लांब कशाला, याच लेक फोर्कवर २०१९ मध्ये बासमास्टरची (म्हणजे बी.ए.एस.एस.चीच) मोठी टेक्सस फेस्ट स्पर्धा झाली, स्लॉटच्या नियमामुळे बहुतेक मासे बोटीवरच वजन करून सोडले, आणि ब्रँडन कॉबने चार दिवसांत ११४ पौंड काढून ती जिंकली. म्हणजे त्याच तळ्यावर, त्याच खुंटांमध्ये, देशातले सगळ्यात भारी लोक हे करून गेलेत, प्रेक्षकही आले, बक्षीसंही वाटली. मग शनिवारच्या हौशी स्पर्धेत मासा पिशवीत घालून मैलोन्मैल का आणायचा? फोन तर प्रत्येकाच्या खिशात आहे. मला वाटतं खरं कारण एवढंच की मरिनाला गर्दी हवी असते, बर्गर विकायचे असतात. असू दे, पण मग स्पर्धा मे-जूनच्या पुढे तरी ढकला. नाही, तेही अवघड, तेव्हा पाणी तापतं आणि लाइव्हवेलमध्ये मासे मरतात. म्हणून म्हणतो, बोटीवर मोजा आणि सोडा, प्रश्न मिटला.

तर गाईड घ्यावा का? घ्या, नक्की घ्या, पण मार्चमधल्या शनिवार-रविवारी नको. मंगळवार-बुधवार मिळाला तर बघा, तळं अर्धं रिकामं असतं. फोन करताना सरळ विचारा, त्या दिवशी टूर्नामेंट आहे का, आणि बेडवर नेणार का. "मला बेडवर नको, बाहेर खोल पाण्याकडे जाणारे-येणारे मासे चालतील" एवढं सांगितलं की चांगला गाईड ऐकतो, त्याला ते येतंच, फक्त मासे थोडे कमी लागतील आणि डोळ्यांना आधी दिसणार नाहीत. बेडवर जायचंच असेल तर निदान नराला लाइव्हवेलमध्ये टाकू नका म्हणून आधीच सांगा, पैसे तुम्ही देताय. आमच्या गाईडला मी टिप देताना हेच म्हटलं, तर तो म्हणाला मग तू मेमध्ये ये, तेव्हा वीण आटोपलेली असते, मासे भुकेले असतात, आणि पहाटे पाण्यावरच्या आमिषावर असे उसळून येतात की बेडबिड विसरशील. पैसे तेवढेच, गर्दी निम्मी.

मेमधला एक गुरुवार धरून ठेवलाय मी. मेहुणा तोवर पुण्याला परत गेलेला असेल, त्यामुळे बोटीत एक जागा रिकामी आहे, कुणाला यायचं असेल तर मेसेज करा. खर्च निम्मा-निम्मा, लायसन्स आपापलं, उन्हाची टोपी आणि पोलराइज्ड चष्मा हवाच, आणि चटणी या वेळी कमी तिखट आणणार आहे.